कॉन्टेसा, कोन आणि घड्याळ

गेल्या महिन्यात राइट टाउनमधल्या एका ताईंचा मेसेज आला. त्यांच्याच शब्दांत देतो: "दादा, आमच्या चिरंजीवांनी आजोबांची कॉन्टेसा दुरुस्त करून घेतली. चोवीस वर्षांचा आहे, नोकरी करतो, व्यसन नाही. पण रात्री साडेअकराला मित्रांबरोबर बायपासला जातो आणि तो येईपर्यंत मी जागी असते. गाडी विकून टाकू का?"

ताई, विकू नका. विकलीत तर तो मित्राची गाडी घेऊन जाईल, हे मी अनुभवावरून सांगतो.

१९९१ साली मी बावीस वर्षांचा होतो. एका मित्राच्या घरी लष्कराच्या लिलावातून घेतलेली जोंगा होती. जबलपूरकरांना जोंगा सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: निस्सान पेट्रोलवर आधारलेली, जवळजवळ चार लिटरच्या सहा सिलिंडर पेट्रोल इंजिनाची ही दणकट गाडी आमच्या इथल्या व्हेईकल फॅक्टरीत बनायची. नावच मुळी 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' याचं लघुरूप. धोनीने २०१९ मध्ये एक घेतली तेव्हा नव्या मुलांना तिचं नाव कळलं. तर त्या जोंगात आम्ही दोघं रात्री नागपूर रोडला निघालो. पुढे एक कार होती, तिला गाठायचं होतं. मी शेजारी बसून "अजून दाब, अजून दाब" म्हणत होतो. रस्ता ओला होता. गाडी दोनदा उलटली. मित्र वाचला, पण त्याचा उजवा हात आजही खांद्याच्या वर जात नाही. दिवाळीला आकाशकंदील लावायला तो मुलाला हाक मारतो, तेव्हा मी दुसरीकडे बघतो.

म्हणून वेगाची हौस असलेल्या मुलाला मी उपदेश करत नाही. त्या हौसेला नीट जागा मिळाली तर बरं, एवढंच वाटतं. अशी एक जागा आहे. तिचं नाव ऑटोक्रॉस.

नाव मोठं वाटतं, पण खेळ सोपा आहे. एक मोठं मोकळं मैदान किंवा डांबरी पटांगण घ्यायचं. त्यावर रस्त्याच्या कामाला वापरतात तसले प्लॅस्टिकचे कोन मांडून वळणावळणाची वाट आखायची. एका वेळी साधारण एकच गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. फेरी मिनिटभरात, फार तर दोन मिनिटांत संपते. कोन पाडला की दंडाचे सेकंद वाढतात. अमेरिकेत एका कोनाला दोन सेकंद. वाट चुकली तर ती फेरी बाद. शेजारी दुसरी गाडी नाही, समोरून ट्रक नाही, झाड नाही, गाय नाही. चूक झाली तर प्लॅस्टिक पडतं. आपल्याकडे बहुतेक ऑटोक्रॉस मातीच्या मैदानावर होतात, तिकडे डांबरावर किंवा काँक्रीटवर. तत्त्व तेच.

अमेरिकेत हा खेळ हौशी लोकांनी वाढवला. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही संस्था १९४४ ची. तिची ऑटोक्रॉसची राष्ट्रीय स्पर्धा १९७३ पासून होते, अलीकडे नेब्रास्कातल्या लिंकन गावी जुन्या विमानतळाच्या काँक्रीटवर. तिथे येणारे लोक सोमवारी कामावर जाणारे असतात आणि बरेच जण ज्या गाडीत ऑफिसला जातात तीच आणतात. तिथल्या मसल कारसाठी तर स्वतंत्र गट आहे. आपल्याकडेही विमानतळ आणि शर्यतींचं नातं जुनंच. चेन्नईजवळच्या शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर कित्येक वर्षं शर्यती भरायच्या, १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक होईपर्यंत.

आता कॉन्टेसा. तिला लोक 'भारताची मसल कार' म्हणतात आणि चिरंजीवही तेच म्हणत असणार. हिंदुस्थान मोटर्सने ती १९८४ मध्ये आणली, इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरच्या सांगाड्यावर. लांब बॉनेट, रुंद चेहरा, मागच्या चाकांना ताकद; दिसायला अगदी अमेरिकन. पण सुरुवातीला बॉनेटखाली होतं ॲम्बेसेडरचंच सुमारे दीड लिटरचं इंजिन! पुढे इसुझूचं १.८ लिटरचं आलं आणि गाडीला जरा जीव आला. तरीही खरं सांगायचं तर आजची साधी स्विफ्ट ताकदीत तिच्या बरोबरीने उभी राहते आणि वजनाला कितीतरी हलकी आहे. खरी मसल कार हवी तर २०१६ मध्ये फोर्डने भारतात आणलेली मस्टँग बघा, पाच लिटर, आठ सिलिंडर, किंमत तेव्हा पासष्ट लाखांच्या घरात होती. (तिकडचे कर्मठ लोक मस्टँगलाही मसल कार म्हणू देत नाहीत, तिला 'पोनी कार' म्हणतात. असो.)

गंमत अशी की ऑटोक्रॉसमध्ये कॉन्टेसावाला आणि मस्टँगवाला यांची पहिल्या वर्षीची अडचण एकच असते. दोन्ही गाड्या लांब, जड आणि मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या. कोनांमधून वाट काढताना ताकद फारशी उपयोगी पडत नाही. दुसऱ्या गिअरच्या वर क्वचितच जावं लागतं. म्हणून चिरंजीवांना माझा पहिला सल्ला: इंजिनावर एक रुपयाही घालू नकोस. मोठा कार्ब्युरेटर नको, आवाजाचा सायलेन्सर नको. आपल्या कायद्यात गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. पण कायद्याचं सोडा. जास्त ताकदीने शिकाऊ चालकाच्या चुका झाकल्या जातात आणि त्याला वाटतं आपण शिकलो.

पैसा जाऊ दे तो थांबण्यावर आणि पकडीवर.

आधी टायर. बाजूच्या रबरावर लंबगोलात चार आकडे असतात. '२३१९' असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाड्यांचे टायर बघायला छान असतात, नक्षी भरपूर असते आणि रबर मात्र लाकडासारखं झालेलं असतं. असा टायर सरळ रस्त्यावर तक्रार करत नाही. वळणावर एकदम सोडतो. टायर जुने असतील तर चारही बदलायचे. दोन बदलून भागवायचं नाही.

मग ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि आपल्याकडचे पावसाळे तुम्हाला माहीत आहेत. असं पाणी धरलेलं ऑइल सलग जोरात ब्रेक मारल्यावर उकळतं आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. पूर्ण ऑइल बदलून हवा काढून घ्यायची. पॅड, मागचे ब्रेक शू, रबरी होज मिस्त्रीसमोर उभं राहून बघायचे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत आणखी एक गोष्ट मी कधीच विसरू देत नाही: ॲक्सिलरेटरची केबल आणि तिची परतीची स्प्रिंग. पाय उचलल्यावर इंजिन ताबडतोब शांत झालं पाहिजे. केबल अडकते तेव्हा ती नेमकी वळणावर अडकते. सीट बेल्ट जुने असतील तर नवे बसवायचे, सीट हलत असेल तर घट्ट करायची, बॅटरी पट्टीने बांधलेली हवी, चाकांचे नट कसलेले हवेत. पाण्याचे पाइप आणि रेडिएटर तपासायचे. मेमधली जबलपूरची दुपार कोणत्याही गाडीची परीक्षा घेते.

स्पर्धेच्या दिवशी गाडी रिकामी करायची. डिकीतली स्टेपनी, जॅक, पाना, सीटखालची पाण्याची बाटली, मॅट, सगळं बाहेर. सुटलेली बाटली ब्रेक पेडलखाली गेली तर काय होईल याची कल्पना करा. डॅशबोर्डवरचा गणपती चिकटपट्टीवर असेल तर त्यालाही नमस्कार करून आईच्या हातात द्यायचा. हे मी थट्टेने सांगत नाही, तपासणीत सुट्या वस्तू बघतात. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय जास्त भरून सुरुवात करायची, टायरवर लिहिलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडायची नाही. शाळेचा पांढरा खडू घेऊन टायरच्या खांद्यावर रेघ मारायची. फेरी झाल्यावर खडू बाजूच्या भिंतीपर्यंत खाली पुसला गेला असेल तर टायर फार दुमडतोय, हवा थोडी वाढवायची. पाच रुपयांचा खडू जे सांगतो ते सांगायला महागडं यंत्र लागत नाही. कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. बूट पातळ तळव्याचे. हेल्मेट संयोजकांनी सांगितलेल्या प्रमाणाचं.

यापुढे गाडी चालवण्याची गोष्ट. ती वाचून येत नाही, पण दोन-तीन कल्पना आधी डोक्यात असल्या तर मैदानावर वेळ वाचतो.

टायरकडे एक रुपया असतो असं समजा. ब्रेकवर बारा आणे खर्च केलेत तर वळायला चार आणेच उरतात. म्हणून सगळा ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रेषेत. मग पाय हलका करून वळायचं. गाडी सरळ होऊ लागली की ॲक्सिलरेटर हळूहळू. नवा चालक उलटं करतो. तो वळणात जोरात शिरतो, घाबरून ब्रेक मारतो, स्टिअरिंग आणखी फिरवतो. पुढची चाकं रुपयाच्या वर उधारी मागतात आणि गाडी सरळच जाते, कोनांच्या रांगेतून.

मागच्या चाकांच्या गाडीची दुसरी खोड अशी की वळणात असताना ॲक्सिलरेटर दाबला तर शेपूट बाहेर येते. अशा वेळी पाय झटकन उचलायचा नाही. झटक्याने उचलला तर वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट आणखी फिरते. पाय सावकाश सैल करायचा आणि जिकडे जायचंय तिकडे बघत स्टिअरिंग फिरवायचं. तरीही गाडी फिरलीच तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबायचे आणि थांबायचं. मैदानावर ही चूक दहा वेळा करता येते. नागपूर रोडवर आम्हाला ती एकदाच करता आली.

आणि नजर. ताशी साठच्या वेगाला गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते. समोरच्या कोनाकडे बघत बसलात तर मेंदूला कळेपर्यंत तो मागे गेलेला असतो. नजर पुढच्याच्या पुढच्या कोनावर हवी. म्हणून स्पर्धेआधी वाट पायी चालून बघू देतात. बरेच नवखे तेव्हा सेल्फी काढतात. जाणते दोन-तीनदा चालतात आणि चालकाच्या उंचीवरून दिसेल तसं थोडं वाकून बघतात. मोठी गाडी असेल तर कोनाच्या किती जवळून मागचं चाक जाईल याचा हिशोब वेगळा. कॉन्टेसाची शेपूट वळताना आतल्या बाजूचा कोन पाडते, पुढचं टोक सुटलं म्हणून खूश व्हायचं नाही.

पहिल्या दिवशी वेळ बघू नका. पहिल्या फेरीत वाट न चुकता पूर्ण करणं, दुसरीत एकही कोन न पाडणं, एवढं झालं तरी दिवस कारणी लागला. पहिल्याच दिवशी एखादी मुलगी आपल्या वडिलांची अल्टो घेऊन येते आणि तुमच्यापेक्षा चार सेकंद लवकर पोचते, याचीही तयारी ठेवा. तिला जाऊन विचारा, कुठे ब्रेक मारलास. लोक सांगतात. या खेळातली ही गोष्ट मला फार आवडते.

मग हे करायचं कुठे? जबलपूरला जाऊन खेळावं असा कायमचा ट्रॅक नाही. आपल्याच प्रदेशात इंदूरजवळ पीथमपूरला 'नॅट्रॅक्स' आहे, ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला, पण ते वाहनांच्या चाचण्यांचं केंद्र आहे, रविवारी गाडी काढून जाण्याचं ठिकाण नव्हे. देशातल्या मोटर स्पोर्टचं नियंत्रण एफएमएससीआय ही चेन्नईची संस्था करते. तिच्या वेबसाइटवर वर्षाचं कॅलेंडर असतं. मान्यताप्राप्त स्पर्धेत उतरायला तिचा स्पर्धा परवाना लागतो आणि गाडीचे गट साधारण इंजिनाच्या सीसीवर पाडलेले असतात. महाराष्ट्रात या खेळाची मुळं पक्की आहेत. नाशिकच्या वेस्टर्न इंडिया स्पोर्ट्स असोसिएशनने रॅली ऑफ महाराष्ट्र भरवली. पुण्याचे संजय टकले आशिया-पॅसिफिक रॅली मालिकेपर्यंत गेले. कोल्हापूरजवळ हुपरीला मोहित्यांचा कार्टिंगचा ट्रॅक आहे, आणि ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक हे शर्यतीचे चालक कोल्हापूरचेच.

माझा सल्ला असा की पहिल्या स्पर्धेला कॉन्टेसा न्यायचीच नाही. महानगरी एक्स्प्रेस पकडायची, नाशिक रोडला उतरायचं किंवा जिथे स्पर्धा असेल तिथे जायचं, आणि संयोजकांना आधी फोन करून विचारायचं की मदतनीस म्हणून येऊ का. पडलेले कोन उभे करायला माणसं कायम कमी असतात. उन्हात दिवसभर कोन उचलताना शंभर फेऱ्या जवळून दिसतात आणि कोण कशामुळे चुकतो ते कळतं. त्यानंतर एखाद्या ट्रॅकवर दोन-चार वेळा कार्ट चालवायची. कार्टला सस्पेन्शन नसतं, चूक लगेच पाठीला कळते. मग स्वतःची गाडी.

घरच्या घरी थोडा सरावही होतो. कुणाची खासगी, भिंतीआड असलेली, रिकामी जागा मालकाच्या परवानगीने मिळाली तर पाच रिकामे प्लॅस्टिकचे डबे पंधरा-पंधरा पावलांवर मांडायचे आणि ताशी वीसच्या वेगाने त्यांच्यातून नागमोडी जायचं. वीसच्या वर नाही. डबे न पाडता, स्टिअरिंगला झटका न देता, शेजारच्या सीटवर ठेवलेल्या उघड्या तांब्यातलं पाणी न सांडता. वाटतं तितकं सोपं नाही, मी परवा करून बघितलं. सीट ओली झाली आणि बायकोने दोन दिवस त्यावरून ऐकवलं.

कागदपत्रांचं थोडक्यात. कॉन्टेसाचं उत्पादन २००२ मध्ये थांबलं, म्हणजे कोणतीही कॉन्टेसा आता पंधरा वर्षांच्या पुढची. तिची नोंदणी फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते, ती झाली आहे का बघा. गाडीचा नेहमीचा विमा शर्यतीत किंवा वेगाच्या चाचणीत झालेलं नुकसान देत नाही. पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' या मथळ्याखाली ते लिहिलेलं असतं. मैदानावर बॉनेट चेपलं तर खर्च आपला. आणि बायपासवर मित्रांशी शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

ताई, आता तुमच्यासाठी. त्याला "जाऊ नको" म्हणून झालंय ना? एकदा "मला दाखव" म्हणून बघा. त्याच्या शेजारी बसा, दिवसा, रिकाम्या जागेत, डब्यांमधून. गाडी आजोबांची आहे, तिच्याबद्दल त्याला जे वाटतं ते बायपासवरच्या मित्रांपेक्षा तुम्हाला जास्त कळेल. हा लेख त्याला पाठवा, माझ्या मित्राच्या हाताची गोष्ट तेवढी आधी तुम्ही सांगा.

आणि रविवारी सकाळी, खोव्याची जलेबी आणायला निघण्याआधी, चारही टायरवरचे ते चार-चार आकडे वाचून मला कळवा. स्टेपनीचेही.